शांतिमोहिमेतली शिस्त : कार्यालयप्रमुखाच्या हातात नेमकं काय असतं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: संयुक्त राष्ट्रांच्या एका शांतिमोहिमेत प्रादेशिक कार्यालयाचे प्रमुख म्हणून तुम्ही लवकरच रुजू होत आहात. हाताखाली परदेशी आणि स्थानिक नागरी कर्मचारी, काही स्वयंसेवक. त्याच आवारात लष्करी निरीक्षक आणि पोलिस अधिकारी. कुंपणापलीकडे दोन देशांच्या सैन्यतुकड्या. यांच्यापैकी कोणी गैरवर्तन केलं तर तुम्हाला काय करता येईल, आणि ते होऊ नये म्हणून आधीपासून काय करावं?

संयुक्त राष्ट्रांच्या आचार आणि शिस्त विभागात मी बरीच वर्षं काम केलं आहे, म्हणून आधी मुद्द्याचं सांगतो. शिक्षा देण्याचा अधिकार तुमच्याकडे जवळजवळ नाहीच. तुमच्या ताब्यात असतात ते तक्रार पहिल्यांदा कानावर आल्यानंतरचे तास. प्रकरणाचा निकाल न्यूयॉर्कमध्ये लागतो किंवा सैनिक पाठवणाऱ्या देशाच्या राजधानीत. पण ते नासतं तुमच्याच आवारात, आणि बहुतेक वेळा पहिल्या दोन-तीन दिवसांतच. तिथे नीट काम झालं नाही तर पुढे कितीही हुशार तपास अधिकारी आला तरी त्याच्या हाती काही लागत नाही.

अधिकार कोणाचा, हे माणूस कोणत्या वर्गात मोडतो त्यावर ठरतं. नागरी कर्मचारी, मग तो परदेशी असो की स्थानिक, संयुक्त राष्ट्रांचा सेवक असतो आणि त्याला कर्मचारी नियम लागू होतात. चौकशीची आणि शिस्तभंगाच्या कारवाईची सध्याची पद्धत 2017 च्या प्रशासकीय आदेशात घालून दिली आहे. माहिती 1994 मध्ये स्थापन झालेल्या अंतर्गत देखरेख सेवा कार्यालयाकडे जाते. ते स्वतः चौकशी करतात किंवा हलक्या स्वरूपाचं प्रकरण मोहिमेकडे सोपवतात. लेखी ठपका, वेतनवाढ रोखणं, दंड, पदावनती, सेवामुक्ती, बडतर्फी, यांपैकी काय द्यायचं ते मुख्यालयातल्या व्यवस्थापन विभागाच्या प्रमुखांच्या पातळीवर ठरतं. तोंडी किंवा लेखी ताकीद नियमांच्या दृष्टीने शिस्तभंगाची शिक्षा धरलीच जात नाही, आणि तीही संबंधिताला आपलं म्हणणं मांडायची संधी दिल्याशिवाय देता येत नाही. निर्णय पटला नाही तर कर्मचारी विवाद न्यायाधिकरणाकडे आणि त्यावर अपील न्यायाधिकरणाकडे जाऊ शकतो. ही दोन्ही न्यायाधिकरणं 1 जुलै 2009 पासून काम करत आहेत. नोकरी जाण्याची शिक्षा द्यायची असेल तर तिथे स्पष्ट आणि खात्री पटेल असा पुरावा मागितला जातो. ‘सगळ्यांना माहीत होतं’ यावर कोणाचीही नोकरी जात नाही, जाऊही नये.

स्वयंसेवकांसाठी त्यांच्या कार्यक्रमाचे वेगळे नियम आहेत. लष्करी निरीक्षक आणि सुटे आलेले पोलिस अधिकारी 1946 च्या विशेषाधिकार करारानुसार ‘मोहिमेवरील तज्ज्ञ’ गणले जातात. मोहीम त्यांची चौकशी करू शकते, त्यांना मायदेशी परत पाठवू शकते. पुढची शिक्षा त्यांच्या देशाने द्यायची. तुकडीतून आलेल्या सैनिकांच्या बाबतीत मात्र गुन्ह्याची आणि शिस्तीची हुकमत पूर्णपणे त्यांच्या देशाकडे राहते. संयुक्त राष्ट्रं आणि तो देश यांच्यातल्या सामंजस्य करारात तसं लिहिलेलं असतं. 2007 मध्ये या कराराचा नमुना सुधारला गेला, तेव्हापासून आचरणाची मानकं आणि चौकशीची जबाबदारी त्यात स्पष्ट आहे: गंभीर प्रकरण कळवल्यावर आपण स्वतः चौकशी करणार की नाही हे देशाने 10 कामकाजाच्या दिवसांत सांगायचं, आणि तो पुढे आला नाही तर संयुक्त राष्ट्रं आपली प्रशासकीय चौकशी सुरू करू शकतात. कंत्राटदाराचा माणूस असेल तर त्याचं कंत्राट हीच तुमची दोरी.

इथे एक गैरसमज सतत भेटतो. गावातल्या लोकांना वाटतं की निळी टोपी घातलेल्याला कायदा लागत नाही, आणि दुःखाची गोष्ट म्हणजे आपल्यातल्या काहींनाही तसंच वाटतं. नागरी अधिकारी आणि तज्ज्ञ यांना मिळणारं कायदेशीर संरक्षण संघटनेच्या कामासाठी आहे, व्यक्तीच्या सोयीसाठी नाही. ते न्यायाच्या आड येत असेल आणि संघटनेच्या हिताला बाधा न आणता काढून घेता येत असेल, तर ते काढून घेणं हा महासचिवांचा अधिकार आहे आणि कर्तव्यही, असं 1946 च्या करारातच म्हटलं आहे. पहिल्याच बैठकीत हे सगळ्यांसमोर स्वच्छ सांगा.

आता त्या पहिल्या तासांकडे येतो, कारण तुमची खरी कसोटी तिथे आहे. समजा, संध्याकाळी एक बाई आपल्या सोळा वर्षांच्या मुलीला घेऊन फाटकाशी येते. एका सैनिकाने मुलीला पैसे आणि खाण्याचे डबे देऊन वारंवार बोलावलं, असं तिचं म्हणणं आहे. फाटकावर पहारा आहे त्याच तुकडीचा. जवान तिला सांगतो, उद्या ये. ती उद्या येत नाही. पुढे एखादी संस्था किंवा वार्ताहर ही गोष्ट उजेडात आणतो, तोवर चार महिने उलटलेले असतात आणि तुकडी बदलून गेलेली असते.

म्हणून पहिल्याच आठवड्यात एक काम करा: तक्रार घेऊन आलेल्या माणसाला सशस्त्र पहारेकऱ्याच्या पुढून जावं लागणार नाही अशी वाट ठरवा. तक्रारपेटी कॅम्पच्या भिंतीवर लावलेली मी अनेक ठिकाणी पाहिली आहे, आणि ती पेटी रिकामी आहे म्हणून सगळं आलबेल आहे असे अहवालही वाचले आहेत. पेटी दवाखान्यात, बायकांच्या गटाच्या बैठकीच्या जागी, शाळेजवळ हवी. त्याहून बरं म्हणजे गावातल्या दोन-तीन विश्वासू व्यक्तींकडे थेट मोहिमेतल्या आचार आणि शिस्त पथकाचा फोन नंबर असावा. दुभाषा कोण आहे हेही आधी पाहून ठेवा. एकाच वस्तीतला, एकाच जमातीतला दुभाषा असेल तर मुलगी तोंड उघडणार नाही. आणि तुकडीने स्वतः ठेवलेला दुभाषा तर अजिबात चालणार नाही.

तक्रार आली की तुम्ही स्वतः चौकशी करायला बसू नका. प्रमुख मंडळी इथेच घसरतात, आणि बहुधा चांगल्या हेतूने. त्यांना वाटतं, वर कळवण्याआधी खरंखोटं पाहून घ्यावं. मग ते मुलीला चार प्रश्न विचारतात, तुकडीच्या कमांडरला फोन करतात, कमांडर प्लाटूनला ओळीत उभं करून ‘कोण होता तो?’ असं विचारतो, आणि तासाभरात फोनमधले संदेश पुसले जातात. तुम्हाला खात्री असण्याची गरजच नाही. 2003 च्या महासचिवांच्या परिपत्रकानुसार लैंगिक शोषणाचा नुसता संशय आला तरी तो कळवणं कर्मचाऱ्यावर बंधनकारक आहे. त्याच परिपत्रकानुसार 18 वर्षांखालच्या व्यक्तीशी लैंगिक संबंध पूर्ण निषिद्ध आहेत, मग स्थानिक कायद्यात संमतीचं वय काहीही असो. ‘मला ती मोठी वाटली’ हा बचाव चालत नाही. पैसा, नोकरी, वस्तू किंवा मदत यांच्या बदल्यात लैंगिक संबंध हेही निषिद्ध, मग समोरची व्यक्ती सज्ञान असो आणि त्या देशात वेश्याव्यवसाय कायदेशीर असो.

मुलीची सुरक्षितता आणि उपचार सगळ्यांत आधी. बलात्काराची शक्यता असेल तर एचआयव्ही रोखणारी औषधं 72 तासांच्या आत सुरू व्हावी लागतात. हा काटा चौकशीच्या कुठल्याही मुदतीपेक्षा वेगाने फिरतो. कपडे दिले गेले तर ते प्लॅस्टिकच्या पिशवीत भरू नका, ओल धरून पुरावा खराब होतो. कागदी पिशवी वापरा, तारीख-वेळ लिहा, कोणी कोणाच्या हाती दिली ते लिहा. मुलगी जे सांगेल ते तिच्याच शब्दांत एकदा लिहून घ्या आणि थांबा. पाच टेबलांवर पाच वेळा सांगायला लावलं की सांगण्यात बारीक फरक पडतात, आणि पुढे आरोपीचा वकील नेमके तेच फरक दाखवतो.

दुसरीकडे, कोणाला काही न सांगता करता येण्यासारखी कामं असतात. फाटकावरची नोंदवही, त्या दिवसांचं ड्युटीपत्रक, गाड्यांच्या फेऱ्यांच्या नोंदी, रेडिओ खोलीची वही, कॅमेऱ्याचं चित्रण. बहुतेक कॅमेरे ठरावीक दिवसांनी जुन्यावर नवं लिहितात, तेव्हा चित्रण त्याच दिवशी काढून सीलबंद ठेवायला सांगा. एका पहारा-बुरुजावरच्या वहीत रात्री 1 ते 3 च्या पाळीची नोंद एकाच शाईने, एकाच बसणीत तीन आठवड्यांसाठी लिहिलेली मी पाहिली आहे. त्या पानांनी तपासाला जी दिशा दिली ती एकाही जबाबाने दिली नसती, आणि ती पानं मिळाली कारण तिथल्या प्रशासन अधिकाऱ्याने दुपारीच वही कुलपात ठेवली होती.

मग कळवायचं: आचार आणि शिस्त पथकाला त्याच दिवशी, त्यांच्यामार्फत मोहीमप्रमुखांना आणि देखरेख कार्यालयाला. नावं फक्त ज्यांना लागतात त्यांनाच. सामूहिक ईमेलवर अशी बाब गेली की संध्याकाळपर्यंत ती जेवणाच्या तंबूत चघळली जाते.

‘आपली नाही ती भानगड’ असं म्हणून बाजूला होण्याची सोय आता उरलेली नाही, आणि ती का उरली नाही हे माहीत असावं. 2014 मध्ये मध्य आफ्रिकी प्रजासत्ताकाच्या राजधानीत, बांगीमध्ये, लहान मुलांनी सैनिकांच्या अत्याचाराबद्दल मानवाधिकार अधिकाऱ्यांना सांगितलं. आरोप मुख्यतः फ्रेंच सैन्यावर होते आणि ते सैन्य संयुक्त राष्ट्रांच्या हुकमाखाली नव्हतं. तेवढ्या कारणावरून माहिती या टेबलावरून त्या टेबलावर फिरत राहिली. कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाच्या माजी न्यायाधीश मारी देशां यांच्या अध्यक्षतेखालच्या पथकाने डिसेंबर 2015 मध्ये अहवाल दिला आणि हे संस्थेचं घोर अपयश असल्याचं नोंदवलं. त्याआधी ऑगस्टमध्ये, अत्याचाराचे आरोप एकामागून एक येत असताना, तिथले मोहीमप्रमुख बाबाकार गाये यांचा राजीनामा महासचिवांनी मागून घेतला होता. तेव्हापासून प्रमुख असणं म्हणजे काय, याचा अर्थ बदलला.

तुकडीच्या कमांडरशी तुमचं नातं हा पुढचा नाजूक भाग. तो तुमच्या हाताखाली नाही, त्याचा मान त्याच्या देशाच्या झेंड्याशी बांधलेला आहे, आणि आरोप आला की त्याला तो सगळ्या पलटणीवरचा डाग वाटतो. म्हणून प्रकरण घडायच्या आधी त्याच्याशी बोलून ठेवा. त्याला विचारा: रात्री शिरगणती किती वाजता होते, कोण करतं? गावातल्या कोणत्या जागा जवानांना बंद आहेत, आणि ती यादी शेवटची कधी बदलली? मार्च 2016 मधला सुरक्षा परिषदेचा ठराव 2272 त्याला माहीत असतोच. शोषणाचे व्यापक किंवा पद्धतशीर प्रकार घडल्याचा विश्वासार्ह पुरावा असेल तर सबंध तुकडी परत पाठवायला त्याने पाठबळ दिलं. 2007 मध्ये हैतीतून श्रीलंकेच्या 100 हून अधिक सैनिकांना परत पाठवलं गेलं. 2021 मध्ये मध्य आफ्रिकी प्रजासत्ताकातून गॅबनची सुमारे 450 जणांची सगळी तुकडी हलवली गेली. चांगल्या कमांडरला हा धाक सांगावा लागत नाही. पण जो ‘आमच्यात असं होत नाही’ म्हणतो त्याच्यापुढे ही उदाहरणं ठेवायला संकोच करू नका.

परत पाठवणीबद्दल माझं मत मात्र सावध आहे. सैनिक विमानात बसला की साक्षीदार एका खंडात आणि आरोपी दुसऱ्या खंडात. मुलगी कधी परदेशातल्या लष्करी न्यायालयापुढे उभी राहणार? 2005 मध्ये जॉर्डनचे राजदूत प्रिन्स झैद यांनी काँगोत शांतिसैनिकांवर लैंगिक शोषणाचे आरोप झाल्यानंतर जो अहवाल दिला, त्यात लष्करी न्यायालय घटनास्थळाच्या देशातच भरवावं अशी शिफारस होती. काही देश तसं करतात, बरेच करत नाहीत. तुम्ही एवढं तरी पाहा की त्या देशाचा तपास अधिकारी प्रत्यक्ष येतो, मुलीचा जबाब इथेच नीट नोंदवला जातो, आणि साक्षीदारांचे पत्ते हरवत नाहीत. संबंधिताला घाईने ‘घरी धाडा’ म्हणणं प्रमुखाला सोपं वाटतं, पण पुरावा गोळा होण्याआधी ते झालं तर नुकसान तक्रारदाराचंच होतं.

होऊ नये म्हणून काय करावं, या प्रश्नाला प्रशिक्षण हे उत्तर सगळे देतात. प्रशिक्षण सक्तीचं आहे, ते होतंच, खिशात ठेवायचं नियमांचं कार्डही मिळतं. माझा भर वेगळ्या गोष्टीवर आहे: जमीन वाचा. आठवड्यातून एकदा कुंपणाच्या बाहेरच्या बाजूने पायी फेरी मारा. तारेला कुठे भोक पडलंय, तिथे पायवाट मळलीय का, रिकामे शिधाडबे कुठे पडलेत, दुपारी कोणत्या कोपऱ्यात पोरं जमतात. शोषण बहुधा अन्नापासून सुरू होतं. उरलेलं अन्न तारेवरून देणारा जवान दयाळूच असतो, पण त्या जागेची ओळख होते, मग तिथे दुसऱ्या हेतूचा माणूसही येऊन उभा राहतो. अन्न द्यायचं असेल तर ते मदतसंस्थेमार्फत, उजेडात, नोंद ठेवून.

लहान, दूरच्या चौक्यांकडे जास्त लक्ष हवं. तीस-चाळीस जवान, एक कनिष्ठ अधिकारी, महिनोन् महिने रजा नाही, घरी बोलायला नेटवर्क नाही, करमणुकीला काही नाही. झैद यांच्या अहवालातही जवानांच्या करमणुकीच्या सोयींचा मुद्दा आहे, तो चैनीचा नाही. अचानक भेटी द्या, आणि भेटीला स्त्री अधिकारी असलेलं गस्तीपथक असू द्या. 2007 मध्ये लायबेरियात भारताचं केवळ महिलांचं सशस्त्र पोलिस पथक आलं, असं पथक त्याआधी कुठल्याच मोहिमेत नव्हतं. स्त्री गणवेशात समोर असली की गावातल्या बायका बोलायला येतात, हे मी नंतर वेगवेगळ्या ठिकाणी पाहिलं आहे.

लैंगिक शोषणाच्या प्रकरणांवर सगळ्यांचं लक्ष असतं, पण तुमच्या टेबलावर रोज येतील ती वेगळी: डिझेल चोरी, खोटी वैद्यकीय बिलं, दारू पिऊन गाडी चालवणं, मोहिमेची गाडी खासगी कामाला, वरिष्ठाचा जाच. यांना किरकोळ समजू नका. जनरेटर किती तास चालला आणि त्यात किती डिझेल गेलं याचा ताळा महिन्याकाठी लावलात तर निम्मी चोरी आपोआप थांबते. आणि जिथे डिझेल उघड विकलं जातं तिथला स्वच्छता कामगार मोठ्या गोष्टीची तक्रार करायला धजत नाही. त्याला कळून चुकलेलं असतं की इथे कोणी काही करत नाही.

जाचाच्या तक्रारी 2019 च्या परिपत्रकानुसार हाताळल्या जातात. त्यांत एक भेद तुम्हाला सतत करावा लागेल: काम नीट न करणं आणि गैरवर्तन करणं या दोन वेगळ्या बाबी आहेत. नावडत्या कर्मचाऱ्यावर गैरवर्तनाचा शिक्का मारून कामाचा प्रश्न सोडवू पाहणारे वरिष्ठ भेटतील, आणि कामाचं मूल्यमापन कडक झालं म्हणून जाचाची तक्रार करणारे कर्मचारीही भेटतील. दोघांनाही शांतपणे योग्य वाट दाखवा. जिथे बोलून मिटण्यासारखं असेल तिथे लोकपाल कार्यालय आहे. लैंगिक स्वरूपाचा जाच असेल तर मात्र ‘आपसात मिटवा’ असं तुम्ही सुचवू नका.

सूड हा सगळ्यांत अवघड भाग. माझ्या अनुभवात गैरप्रकार पहिल्यांदा दिसतात ते ड्रायव्हर, दुभाषे आणि सफाई कामगार यांना, आणि नोकरी गमावण्याची भीतीही त्यांनाच सर्वांत जास्त. करार वाढवून न देणं हे सुडाचं नेहमीचं हत्यार, कारण त्याला कारण द्यायला ‘निधी कमी झाला’ एवढं पुरतं. तक्रार केलेल्या किंवा साक्ष दिलेल्या माणसाचा करार, बदली, मूल्यमापन यांवरची प्रत्येक सही आधी तुमच्या नजरेखालून जाऊ द्या. संरक्षण मागायला नीतिमत्ता कार्यालय आहे, हे त्याला लिहून द्या.

आरोपीचे हक्क तितकेच जपा. त्याला कामावरून बाजूला ठेवणं ही शिक्षा नाही, हे त्यालाही आणि इतरांनाही सांगा. आरोप निराधार ठरला तर ते लेखी कळवायचं राहून जातं, आणि तो माणूस वर्षानुवर्षं संशयाच्या नजरा झेलत राहतो. ते पत्र मिळेपर्यंत पाठपुरावा करा. दोषी ठरून गेलेल्यांची नोंद 2018 पासून संयुक्त राष्ट्रांच्या सामाईक माहितीकोशात राहते, जेणेकरून लैंगिक गैरवर्तनामुळे गेलेला माणूस दुसऱ्या संस्थेत गुपचूप रुजू होऊ नये. म्हणून निकाल कोणताही असो, तो अचूक नोंदला गेला पाहिजे.

राहिला तक्रारदार. 2017 मध्ये संयुक्त राष्ट्रांनी पीडितांच्या हक्कांची बाजू मांडणारं पद निर्माण केलं आणि त्यावर जेन कॉनर्स यांची पहिली नेमणूक झाली, काही मोहिमांत त्यासाठी अधिकारीही आहेत. 2016 मध्ये पीडितांसाठी स्थापन झालेल्या निधीतून उपचार, समुपदेशन, कायदेशीर मदत, कौशल्य प्रशिक्षण अशा सेवांना पैसा मिळतो; आरोप सिद्ध झाल्यावर संबंधित सैनिकांपोटी देशाला द्यायची रोखलेली रक्कमही तिथे जाते. पण ही नुकसानभरपाई नव्हे, आणि तसं आश्वासन कोणीही देऊ नये. मूल जन्माला आलं असेल तर पितृत्व ठरवणं आणि पोटगी मिळवून देणं हे त्या सैनिकाच्या देशाच्या यंत्रणेतूनच होतं. संयुक्त राष्ट्रं डीएनए नमुने घेण्यात आणि पत्रव्यवहारात मदत करतात. यात वर्षं जातात, आणि आईला मधल्या काळात कोणी काही सांगत नाही. दर महिन्याला एक ठरलेला माणूस तिच्याकडे जाऊन ‘अजून उत्तर आलेलं नाही’ एवढं जरी सांगून आला तरी ती तक्रार मागे घेत नाही, आणि गावातली पुढची बाई यायला घाबरत नाही.

हा ठरलेला माणूस बदलून जाणार, तुकडी तर वर्षाच्या आत बदलणार, आणि तुम्हीही जाणार. म्हणून पहिल्या महिन्यातच हस्तांतराची टिपणी लिहायला घ्या आणि दर महिन्याला ती सुधारा: कोणतं प्रकरण कोणत्या टप्प्यावर, कोणत्या देशाचं उत्तर कधीपासून थकलं आहे, पुरावा कोणत्या कुलपात, किल्ली कोणाकडे, तक्रारदाराला शेवटचं कोण आणि कधी भेटलं, पुढची भेट कोणत्या तारखेला. नावं त्यात लिहू नका, प्रकरणाचे क्रमांक लिहा. नावांची यादी आचार आणि शिस्त पथकाकडे सीलबंद राहू द्या. नवा प्रमुख आला की त्याच्यासोबत बसून प्रत्येक क्रमांक वाचा आणि दोघांच्या सह्या घ्या.